जॉर्जियातील गव्हर्नरची निवड : मताधिकार आणि मतमोजणी

१७ जुलै १९४६ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी जेम्स कारमायकेल यांना ३,१३,३८९ मते मिळाली आणि यूजीन टॅलमॅज यांना २,९७,२४५. कारमायकेल सोळा हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. विजयी मात्र टॅलमॅज ठरले. हा निकाल कोणी मतपेट्या पळवून लावलेला नव्हता. राज्याच्या कायद्याने मोजणीची जी रीत घालून दिली होती, तिच्यातूनच तो बाहेर पडला होता. त्या काळी जॉर्जियात रिपब्लिकन पक्ष नावापुरता उरला असल्यामुळे डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की गव्हर्नरपद मिळाल्यातच जमा असे. म्हणजे राज्याचा प्रमुख कोण, हे जुलैमध्येच ठरले आणि ज्याला कमी लोकांनी पसंती दिली होती तो त्या पदासाठी निवडला गेला.

मत देण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न लोकशाहीच्या चर्चेत नेहमी पुढे असतो, आणि तो असायलाच हवा. दिलेले मत कसे मोजले जाते आणि शेवटचा निर्णय कोणाच्या हाती राहतो, हा प्रश्न मात्र तांत्रिक समजून बाजूला ठेवला जातो. जॉर्जियाचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास वाचताना मला असे दिसते की मताधिकाराचा एक दरवाजा उघडावा लागला, तेव्हा मोजणीचा दुसरा दरवाजा बंदच राहील याची सत्ताधाऱ्यांनी काळजी घेतली. माझे म्हणणे असे आहे की संपूर्ण राज्यातून एकच व्यक्ती निवडायची असते तेव्हा मतदार कोणत्या गावात राहतो यावरून त्याच्या मताला कमीअधिक वजन देण्याला कोणतेही न्याय्य कारण असू शकत नाही; आणि मतदारांनी कौल दिल्यानंतर अंतिम निवड विधिमंडळाकडे सोपवण्यालाही नाही. हा वाद केवळ जुना नाही. टेक्सास राज्याच्या रिपब्लिकन पक्षाने २०२४ च्या आपल्या धोरणपत्रिकेत अशी मागणी केली आहे की राज्यव्यापी पदावर निवडून येण्यासाठी उमेदवाराला राज्यातील बहुसंख्य काउंटींमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, विजय मिळवणे घटनेने बंधनकारक करावे. जॉर्जियाने जे पंचेचाळीस वर्षे भोगले, त्याच वाटेचे हे निमंत्रण आहे.

अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला घटनात्मक प्रमुख नसतो. राज्याचा कारभार तोच पाहतो, विधेयकांवर नकाराधिकार वापरतो, अनेक महत्त्वाच्या नेमणुका करतो. आपल्या संविधान सभेनेही १९४७ मध्ये राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा असे मान्य केले होते. परंतु लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री यांच्यात संघर्ष होईल, या भीतीने १९४९ मध्ये तो विचार सोडून दिला गेला. अमेरिकी राज्यांत असा दुसरा सत्ताप्रमुख नसतो. म्हणूनच या एका पदाची निवड कशी होते, यावर तिथल्या नागरिकाचे बरेच काही अवलंबून असते.

ब्रिटिश राजाने पाठवलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असताना, १७७७ मध्ये, जॉर्जियाने आपली पहिली घटना केली. त्या घटनेने गव्हर्नरची निवड विधानसभेकडे दिली, मुदत एका वर्षाची ठेवली आणि कोणालाही तीन वर्षांतून एका वर्षापेक्षा जास्त काळ ते पद भूषवता येणार नाही अशी तरतूद केली. १७८९ च्या घटनेने मुदत दोन वर्षांची केली. कनिष्ठ सभागृहाने तीन नावे पाठवायची आणि सिनेटने त्यांतून एक निवडायचे, अशी रीत ठरली. पुढे दोन्ही सभागृहे एकत्र मतदान करू लागली. तपशील बदलत गेले, पण निवडणारे तेच मूठभर राहिले. मूठभरांच्या हाती निवड असली की काय होऊ शकते, याची कल्पना त्या काळातील एका प्रकरणावरून येते. १७९५ मध्ये राज्याच्या पश्चिमेकडील साडेतीन कोटी एकरांच्या आसपास जमीन जॉर्जियाच्या विधिमंडळाने अवघ्या पाच लाख डॉलर्सना काही कंपन्यांना विकून टाकली. बाजूने मत देणाऱ्या जवळजवळ सर्व सदस्यांचे हितसंबंध त्या कंपन्यांत गुंतले होते आणि विधिमंडळाने निवडलेल्या गव्हर्नर जॉर्ज मॅथ्यूज यांनी त्या विधेयकावर सही केली. 'याझू घोटाळा' या नावाने ते प्रकरण कुप्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी नव्या विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. कार्यकारी प्रमुख ज्यांनी निवडायचा, त्यांच्यावरच त्याने अंकुश ठेवायचा, ही अपेक्षा मुळातच अवघड आहे.

१८२४ च्या घटनादुरुस्तीने गव्हर्नरची निवड मतदारांकडे आली. पुढच्या वर्षी झालेल्या पहिल्या थेट निवडणुकीत जॉर्ज ट्रूप यांनी जॉन क्लार्क यांचा सातशेहून कमी मतांनी पराभव केला. 'मतदार' म्हणजे तेव्हा गोरे पुरुष, हे वेगळे सांगायला नको. राज्याच्या लोकसंख्येतील मोठा हिस्सा गुलामगिरीत होता आणि त्याला माणूस म्हणूनही अधिकार नव्हते. तरीही विधिमंडळाच्या हातून ही निवड सुटणे हे मोठे पाऊल होते. परंतु त्या दुरुस्तीत एक कलम राहून गेले. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर गव्हर्नरची निवड विधिमंडळ करेल, असे ते कलम होते. त्या वेळी ते निरुपद्रवी वाटले असेल. त्याने खरे नुकसान केले ते विसाव्या शतकात, आणि तेही दोनदा.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, कृष्णवर्णीय पुरुषांनी प्रथमच गव्हर्नरच्या निवडणुकीत मतदान केले आणि रिपब्लिकन पक्षाचे रूफस बुलक निवडून आले. त्याच वर्षी विधिमंडळात पोचलेल्या कृष्णवर्णीय सदस्यांना गोऱ्या सदस्यांनी काही महिन्यांतच सभागृहाबाहेर काढले. त्यांपैकी एक असलेल्या हेन्री मॅक्नील टर्नर यांनी त्या वेळी केलेले भाषण अमेरिकेच्या संसदीय इतिहासातील अत्यंत तेजस्वी भाषणांपैकी एक मानावे लागेल. १८७१ मध्ये बुलक पद सोडून राज्याबाहेर निघून गेले. त्यानंतर जवळजवळ एकशे तीस वर्षे, म्हणजे २००२ मध्ये सनी पर्ड्यू निवडून येईपर्यंत, जॉर्जियाचा प्रत्येक निर्वाचित गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. १८७७ च्या घटनेने मतदान कराची थकबाकी वर्षानुवर्षे साचत जाईल आणि ती पूर्ण भरल्याखेरीज मत देता येणार नाही अशी व्यवस्था केली. तिने गरीब कृष्णवर्णीयांबरोबर गरीब गोऱ्यांचाही मताधिकार हिरावला. १९०० च्या सुमारास पक्षाने प्राथमिक निवडणूक फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवली. १९०६ च्या प्रचारात होक स्मिथ आणि क्लार्क हॉवेल हे दोन्ही उमेदवार, जे अटलांटाच्या वृत्तपत्रसृष्टीतले बडे लोक होते, कृष्णवर्णीयांविरुद्ध एकमेकांपेक्षा कडवे होण्याच्या स्पर्धेत उतरले. त्या वातावरणात त्या सप्टेंबरमध्ये अटलांटात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. स्मिथ निवडून आले आणि १९०८ मध्ये साक्षरता व मालमत्तेच्या अटी घटनेत आल्या. मताधिकाराचा दरवाजा अशा रीतीने घट्ट बंद झाला.

मोजणीचा दरवाजा १९१७ च्या कायद्याने बंद केला. पक्षाच्या अधिवेशनांत आधीपासून चालत आलेल्या प्रथेला 'नील प्रायमरी कायद्या'ने कायदेशीर रूप दिले. ही 'काउंटी युनिट पद्धत' समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिचे सगळे सामर्थ्य तिच्या साधेपणात होते. प्रत्येक काउंटीला कनिष्ठ सभागृहातील तिच्या जागांच्या दुप्पट युनिट मते मिळत. सर्वांत मोठ्या आठ काउंटींना प्रत्येकी सहा, त्यांखालच्या तीस काउंटींना प्रत्येकी चार आणि उरलेल्या एकशे एकवीस काउंटींना प्रत्येकी दोन. काउंटीत ज्याला सर्वाधिक मते मिळतील, त्याच्या पदरात तिची सर्व युनिट मते पडत, मग तो तिथे एका मताने जिंकलेला असो वा एक लाख मतांनी. एकूण युनिट मते ४१० होती आणि जिंकायला २०६ पुरत. लहान काउंटींची मते एकत्र केली तर २४२ होतात. म्हणजे एकही शहर न जिंकता, किंबहुना एकाही शहरात पाय न ठेवता, राज्याचा गव्हर्नर होता येत असे. जिथे ट्राम चालते त्या काउंटीत मते मागायला जाण्याची आपल्याला गरज नाही, अशा अर्थाची फुशारकी यूजीन टॅलमॅज मारत असत, आणि ती खरी होती.

१९६० च्या जनगणनेचे आकडे पाहिले की या पद्धतीचा अन्याय नजरेत भरतो. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत आहे, तिची लोकसंख्या ५,५६,३२६ होती. फ्लोरिडाच्या सीमेवरील एकोल्स काउंटीची होती १,८७६. फुल्टनला सहा युनिट मते, एकोल्सला दोन. राज्याची चौदा टक्के लोकसंख्या एका ठिकाणी राहत होती आणि तिच्या वाट्याला दीड टक्क्याहूनही कमी वजन येत होते. एकोल्समधील एका रहिवाशाचे मत फुल्टनमधील नव्व्याण्णव रहिवाशांच्या मतांइतके भारी होते. शहरांत कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढू लागली होती, कामगार संघटित होत होते, वृत्तपत्रे स्वतंत्रपणे लिहीत होती. या सर्वांना मत देण्याची मुभा मिळाली तरी त्यांच्या मताने निकाल बदलू नये, याची तजवीज या पद्धतीने केली होती.

तिच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण आजही तोच वेगळ्या शब्दांत मांडला जातो. ते म्हणत की शहरांची दांडगी संख्या खेड्यापाड्यांना चिरडून टाकील, शेतकऱ्याचे ऐकणारे कोणी उरणार नाही, आणि शहरातील पक्षयंत्रणा पैशाच्या बळावर मते गोळा करील. शिवाय अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा आहेत, राष्ट्राध्यक्षही निर्वाचक मंडळाच्या द्वारे निवडला जातो. मग राज्याने आपल्या काउंटींना तसाच दर्जा दिला तर त्यात गैर काय? ग्रामीण भागाच्या उपेक्षेची भीती मला खोटी वाटत नाही. परंतु त्या भीतीला उत्तर द्यायची जागा विधिमंडळ ही आहे, जिथे प्रत्येक भागाचा स्वतंत्र प्रतिनिधी बसतो आणि आपल्या भागाची बाजू मांडतो. गव्हर्नर हा कोणत्याही भागाचा प्रतिनिधी नसतो. त्याचा मतदारसंघ एकच असतो, संपूर्ण राज्य, आणि एकाच मतदारसंघातील दोन मतदारांच्या मतांना वेगवेगळे वजन देण्याचा अर्थ एकाला दुसऱ्यापेक्षा कमी नागरिक ठरवणे असाच होतो. सिनेटशी केलेली तुलनाही टिकत नाही. संघराज्य स्थापन झाले तेव्हा घटक राज्ये आपापली सार्वभौमता घेऊन त्यात आली होती आणि सिनेट ही त्यांच्यातील तडजोड होती. काउंटी कधीच सार्वभौम नव्हत्या. राज्यानेच कारभाराच्या सोयीसाठी त्या आखल्या, मोडल्या, जोडल्या. १९३२ मध्ये मिल्टन आणि कॅम्पबेल या दोन काउंटी फुल्टनमध्ये विलीन झाल्या, तेव्हा कोणा सार्वभौम घटकाचा अंत झाला असे कोणी मानले नाही.

खेड्यातील सामान्य माणसाचे तरी या पद्धतीने भले झाले का, हेही विचारायला हवे. काही शे मतांवर एखाद्या काउंटीची दोन युनिट मते फिरत असल्यामुळे उमेदवारांना तिथल्या लोकांपेक्षा तिथल्या प्रमुखांशी बोलणे सोयीचे पडे. शेरीफ, रस्त्यांची कंत्राटे हाताळणारे, न्यायालयाभोवती बसलेले जुने राजकारणी, अशा चार माणसांशी समझोता झाला की काउंटी खिशात. रस्ता कुठून जाणार, नोकरी कोणाला मिळणार, हे त्या समझोत्यांत ठरे. ग्रामीण भागाच्या नावाने चालणाऱ्या या पद्धतीने ग्रामीण भागातील मूठभरांनाच बळ दिले आणि तिथला भाडेकरू शेतकरी होता तिथेच राहिला.

१९४६ ची निवडणूक या दोन दरवाज्यांच्या नात्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. एलिस अर्नॉल हे १९४३ पासून गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत जॉर्जियाने मतदानाचे वय अठरावर आणले, जे अमेरिकेत प्रथमच घडत होते, आणि १९४५ मध्ये मतदान कर रद्द झाला. कोलंबस शहरातील प्रायमस किंग हे केशकर्तनकार व धर्मोपदेशक १९४४ मध्ये प्राथमिक निवडणुकीत मत द्यायला गेले, त्यांना हाकलून दिले गेले आणि त्यांनी दावा लावला. त्या दाव्यात गोऱ्यांसाठी राखीव प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरली. ती पळवाटेने चालू ठेवण्यास अर्नॉल यांनी नकार दिला आणि एक लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांनी मतदार म्हणून नाव नोंदवले. टॅलमॅज यांचा प्रचार एकाच आश्वासनाभोवती फिरत होता : गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक परत आणू. गावोगावी कृष्णवर्णीयांची नावे यादीतून खोडण्याची मोहीम चालली. टेलर काउंटीत मॅसिओ स्नाइप्स या, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या तरुणाने मतदान केले. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यातच तो दगावला. एवढे सगळे सोसून लोकांनी मते दिली, एकूण मतांत टॅलमॅज मागे पडले, आणि युनिट मतांची मोजणी झाली तेव्हा आकडे असे होते : टॅलमॅज २४२, कारमायकेल १४६, तिसरे उमेदवार रिव्हर्स २२. दंडुक्याने आणि खोडरबराने जे साधले नव्हते ते अंकगणिताने साधले.

नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणुकीत टॅलमॅज यांना खरा प्रतिस्पर्धी नव्हता. परंतु त्यांची प्रकृती ढासळत चालली होती, हे त्यांच्या निकटवर्तीयांना ठाऊक होते. विधिमंडळाला निवडीचा अधिकार देणाऱ्या १८२४ च्या कलमावर त्यांनी नजर ठेवली आणि आपल्या काही समर्थकांना मतपत्रिकेवर टॅलमॅज यांच्या मुलाचे, हर्मन यांचे नाव हाताने लिहायला सांगितले. २१ डिसेंबर १९४६ रोजी, शपथ घेण्यापूर्वीच, यूजीन टॅलमॅज वारले. १५ जानेवारी १९४७ च्या पहाटे विधिमंडळाने तेहतीस वर्षांच्या हर्मन यांना १६१ विरुद्ध ८७ मतांनी गव्हर्नर म्हणून निवडले. अर्नॉल यांनी पद सोडण्यास नकार दिला. नव्याने निर्माण झालेल्या लेफ्टनंट गव्हर्नरपदावर, म्हणजे उपगव्हर्नरपदावर, निवडून आलेले एम. ई. थॉम्पसन यांनीही आपला हक्क सांगितला. हर्मन यांच्या माणसांनी गव्हर्नरच्या कचेरीची कुलुपे बदलली, अर्नॉल यांना विधिभवनाच्या मधल्या दालनातील चौकशी खिडकीवर बसून काम करावे लागले, आणि राज्याची मुद्रा कोणाच्या हाती पडू नये म्हणून राज्याचे दप्तर सांभाळणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट बेन फोर्टसन ती आपल्या चाकाच्या खुर्चीच्या उशीखाली घेऊन बसत. एका राज्याला एकाच वेळी तीन गव्हर्नर होते.

या प्रकरणाची गंमत म्हणून आठवण काढली जाते, ते मला पटत नाही. त्यातील सर्वांत गंभीर गोष्ट विधिभवनाच्या बाहेर घडली होती. हाताने लिहिलेल्या मतांच्या पहिल्या बेरजेत हर्मन हे कारमायकेल आणि आणखी एका उमेदवाराच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर होते. म्हणजे 'सर्वाधिक मते मिळालेल्या दोघांतून' निवड करायची तर ते बसत नव्हते. तेवढ्यात टॅलमॅज घराण्याच्या टेलफेअर काउंटीतून त्यांच्या नावाची आणखी पन्नासाहून अधिक मते सापडली आणि एकूण ६७५ मते घेऊन ते पहिले ठरले. अटलांटा जर्नलचे वार्ताहर जॉर्ज गुडविन यांनी त्या मतदारांच्या यादीचा छडा लावला, तेव्हा मृत आणि गाव सोडून गेलेल्या माणसांनी, वर्णानुक्रमाने एकामागून एक येऊन, मतदान केल्याचे दिसून आले. या बातमीसाठी त्यांना १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. सात लाखांच्या आसपास लोकांनी जुलैमध्ये मत दिलेल्या राज्यात सातशेहून कमी, आणि त्यांतीलही काही बनावट, मतांच्या आधारे विधिमंडळ गव्हर्नर नेमत होते. १९ मार्च १९४७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी ही निवड रद्द केली. निवडणुकीत एका उमेदवाराला बहुमत मिळालेलेच होते, तो पुढे वारला म्हणून विधिमंडळाला निवडीचा अधिकार प्राप्त होत नाही, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने थॉम्पसन यांचा हक्क मान्य केला. हर्मन यांनी पद सोडले. १९४८ च्या विशेष निवडणुकीत ते रीतसर जिंकून परत आले.

काउंटी युनिट पद्धतीविरुद्ध दावे १९४६ पासूनच दाखल होत होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येही त्यात हात घालण्याचे नाकारले. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या वेळी विरोधी मत नोंदवले होते. १९६२ मध्ये टेनेसी राज्यातील खटल्यात न्यायालयाने मतदारसंघांच्या विषमतेचे प्रश्न न्यायकक्षेत येतात असे ठरवले आणि फुल्टन काउंटीचे एक मतदार जेम्स सँडर्स यांनी तातडीने दावा लावला. त्याच वर्षीची प्राथमिक निवडणूक न्यायालयीन आदेशामुळे सरळ मतमोजणीने झाली आणि कार्ल सँडर्स जिंकले. पुढे सर्वोच्च न्यायालयात या पद्धतीविरुद्ध केंद्र सरकारच्या वतीने स्वतः ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी उभे राहिले. १८ मार्च १९६३ रोजी ८ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डग्लसच होते, आणि 'एक व्यक्ती, एक मत' हे सूत्र त्या न्यायालयाच्या निकालात प्रथम आले ते याच खटल्यात, गव्हर्नरसारख्या राज्यव्यापी पदाच्या निवडणुकीसंदर्भात. मतदारसंघांच्या सीमा ठरवण्याचे गुंतागुंतीचे प्रश्न त्यानंतर आले. पहिले आणि सर्वांत निर्विवाद तत्त्व हेच होते की मतदारसंघ एक असेल तर मतेही समान असली पाहिजेत.

१८२४ चे कलम मात्र जिवंत होते. १९६६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे हॉवर्ड कॅलवे यांना ४,५३,६६५ मते मिळाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे लेस्टर मॅडॉक्स यांना ४,५०,६२६. मॅडॉक्स हे अटलांटातील एक उपाहारगृहमालक. कृष्णवर्णीयांना वाढण्यापेक्षा त्यांनी उपाहारगृह बंद करणे पसंत केले होते आणि त्यांना दारातून हटवण्यासाठी समर्थकांना कुऱ्हाडीचे दांडे वाटले होते. दोघांपैकी कोणीही नको असलेल्या पन्नास हजारांहून अधिक मतदारांनी अर्नॉल यांचे नाव हाताने लिहिले, त्यामुळे निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत. निर्णय विधिमंडळाकडे गेला. हे तेच विधिमंडळ होते, ज्याची रचना लोकसंख्येशी विसंगत असल्याचे न्यायालयांनी म्हटले होते. तरीही डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या निवडीला परवानगी दिली : राज्याला हवे तर गव्हर्नर विधिमंडळाकडून निवडता येतो, घटना त्याला मनाई करत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. मला अल्पमतातील न्यायमूर्तींचा युक्तिवाद अधिक सयुक्तिक वाटतो. राज्याने निवड मतदारांकडे सोपवलीच नसती तर गोष्ट वेगळी होती. परंतु एकदा मतदारांना बोलावून त्यांचा कौल घेतल्यावर, कमी मते मिळालेल्या उमेदवाराला विजयी करणे म्हणजे तो कौल रद्द करणे होय. १० जानेवारी १९६७ रोजी डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या विधिमंडळाने १८२ विरुद्ध ६६ मतांनी मॅडॉक्स यांना गव्हर्नर केले. गव्हर्नर म्हणून त्यांनी तुरुंग सुधारणांकडे लक्ष दिले आणि अपेक्षेपेक्षा अधिक कृष्णवर्णीयांना सरकारी पदांवर नेमले, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. पण त्यामुळे निवडीची रीत योग्य ठरत नाही.

या अनुभवानंतर १९६८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि बहुमत कोणालाच नसेल तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी घेण्याची पद्धत आली. दुसऱ्या फेरीचा जॉर्जियातील इतिहास निर्मळ नाही. १९६४ मध्ये ती सर्व निवडणुकांत आणण्यासाठी झटलेले आमदार डेन्मार्क ग्रूव्हर यांनी, एकगठ्ठा पडणाऱ्या कृष्णवर्णीय मतांचा प्रभाव मोडण्याचा हेतू आपल्या मनात होता, हे पुढे मान्य केले. ती अनेक मतदारांना, विशेषतः रजा मिळणे कठीण असलेल्या कामगारांना, पुन्हा मतदान केंद्रावर यायला लावते हाही तिच्यावरचा खरा आक्षेप आहे, आणि २०२१ च्या कायद्याने दोन फेऱ्यांमधील अवधी चार आठवड्यांवर आणल्यापासून टपाली मतदान करणाऱ्यांची धावपळ वाढली आहे. तरीसुद्धा विधिमंडळाने निवड करण्यापेक्षा मतदारांनी दोनदा मत देणे मला कितीतरी पटींनी श्रेयस्कर वाटते. व्हरमॉंट राज्याने अजूनही जुनीच रीत ठेवली आहे. २०१४ मध्ये पीटर शमलिन यांना निम्म्याहून कमी मते मिळाली आणि जानेवारी २०१५ मध्ये विधिमंडळाने गुप्त मतदानाने त्यांची निवड केली. सर्वाधिक मते त्यांनाच होती. व्हरमॉंटचे आमदार सहसा जनमताचा मान राखतात हे खरे, पण नागरिकाचा हक्क आमदारांच्या सौजन्यावर का अवलंबून असावा?

२०१८ च्या निवडणुकीने आणखी एक प्रश्न पुढे आणला. रिपब्लिकन उमेदवार ब्रायन केंप हे त्या वेळी सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, म्हणजे ज्या निवडणुकीत ते उभे होते तिच्यावर देखरेख करणारे सर्वोच्च अधिकारीही तेच. ते ५०.२ टक्के मते मिळवून, स्टेसी एब्रम्स यांच्यापेक्षा सुमारे पंचावन्न हजार मतांनी पुढे राहिले. मतदारनोंदणीच्या अटींवरून झालेले आरोप २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने फेटाळले आणि त्याच वर्षी केंप मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आले. त्यांनी गैरप्रकार केला असे माझे म्हणणे नाही. परंतु उमेदवारी जाहीर करताच त्या अधिकाऱ्याने निवडणुकीची देखरेख सोडलीच पाहिजे, असा नियम असता तर त्या निकालावरील संशयाचे मोठे ओझे कमी झाले असते, आणि असा नियम करायला कोणत्याही पक्षाची हरकत असण्याचे कारण मला दिसत नाही.

टेक्सासमधील प्रस्तावाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. त्या राज्यात २५४ काउंटी आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार लव्हिंग काउंटीत ६४ माणसे राहत होती आणि ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तिथे सत्तेचाळीस लाखांहून अधिक. प्रस्ताव दोघींना एकेक मत देतो. जॉर्जियाच्या पद्धतीत निदान मोठ्या काउंटीला लहानीच्या तिप्पट वजन होते. इथे तेवढेही नाही. हाच नियम जॉर्जियात लावला, तर सुमारे साडेनऊ लाख वस्तीची ग्विनेट काउंटी, जिथे आज आशियाई वंशाचे असंख्य नागरिक राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत, दीड हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या टॅलिफेरो काउंटीच्या बरोबरीने मोजली जाईल. १९६३ च्या निकालापुढे असा कायदा टिकू नये. पण न्यायालयांची भूमिका बदलू शकते, आणि न्यायालय रोखेल या भरवशावर राजकीय विरोध टाळणे धोक्याचे आहे. मिसिसिपीने १८९० मध्ये, कृष्णवर्णीयांना सत्तेपासून दूर ठेवण्यासाठीच केलेल्या घटनेत, गव्हर्नरला एकूण मतांबरोबर बहुसंख्य विधानसभा मतदारसंघांतही विजय मिळवण्याची अट घातली होती. १९९९ च्या निवडणुकीनंतर तिच्यामुळे गव्हर्नरची निवड प्रतिनिधिगृहात झाली. ती अट काढून टाकायला २०२० पर्यंत थांबावे लागले, आणि ती काढली मतदारांनी, मोठ्या बहुमताने.

जॉर्जियातही असेच घडले होते. १९५० आणि १९५२ मध्ये टॅलमॅज गटाने काउंटी युनिट पद्धत सार्वत्रिक निवडणुकांनाही लागू करणारी घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवली. घटनादुरुस्तीची मते काउंटीनिहाय नव्हे, तर राज्यभर सरळ मोजली जात. ज्या मतदारांनी १९५० मध्ये हर्मन टॅलमॅज यांना गव्हर्नर केले, त्यांनीच ती दुरुस्ती फेटाळली आणि दोन वर्षांनी पुन्हा फेटाळली. टेक्सासची घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांचे दोन तृतीयांश बहुमत आणि त्यानंतर राज्यभरातील मतदारांचे साधे बहुमत लागते. म्हणजे या प्रस्तावाच्या पुरस्कर्त्यांना, तो मंजूर करून घेण्यासाठी, लव्हिंगच्या आणि हॅरिसच्या प्रत्येक मतदाराचे मत समान मानणारीच मोजणी आधी स्वीकारावी लागेल. घटना बदलण्यासाठी जी मोजणी पुरेशी आहे ती गव्हर्नर निवडण्यासाठी अपुरी कशी, हे त्यांनी टेक्सासच्या मतदारांना आताच सांगावे.